आवरलेली खोली आणि स्वच्छ खोली : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विद्यार्थ्यांच्या खोलीच्या स्वच्छतेविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. एक कॉट, एक टेबल आणि अर्धे कपाट एवढ्यात राहणाऱ्या, फारसा वेळ आणि साधने हाताशी नसणाऱ्या विद्यार्थ्याला झेपतील अशाच सूचना उत्तरांत दिल्या आहेत.

प्रश्न : मी वसतिगृहात राहतो. दर रविवारी दोन-तीन तास खपून खोली लख्ख करतो, पण बुधवार उजाडेपर्यंत पहिले पाढे पंचावन्न. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, टेबलावर कागद, आणि कॉटखाली काय आहे ते मलाही ठाऊक नसते. माझ्यात शिस्तच नाही असे घरचे म्हणतात. ते खरे असावे का?

उत्तर : दर आठवड्याला तीन तास खपणाऱ्या माणसाला बेशिस्त म्हणणे आम्हाला जड जाते. तुमचा रविवार ठीकच आहे. पाहायला हवे ते सोमवारी संध्याकाळी तुम्ही दार उघडून आत येता त्या पहिल्या पाच मिनिटांकडे. हातातील बॅग कोठे टेकते, अंगातला शर्ट कोठे जातो, किल्ली, कागद आणि चार्जर कोठे पडतात, हे दोन दिवस नुसते पाहा. काहीही सुधारू नका. पसारा एकदम खोलीभर होत नाही, तो दोन-तीन ठरलेल्या जागी सुरू होतो आणि तेथून पसरतो, हे तुमच्या लक्षात येईल.

खुर्चीचेच घ्या. एकदा घातलेला, पण अजून धुवायला न झालेला कपडा धुतलेल्या कपड्यांबरोबर कपाटात ठेवावासा वाटत नाही आणि धुण्याच्या बादलीतही टाकवत नाही. त्याला खोलीत जागाच नेमलेली नसते, म्हणून तो खुर्चीवर जातो, आणि एक गेला की बाकीच्यांना वाट मोकळी होते. दाराच्या मागे चार खुंट्या किंवा चिकटवायचे हुक लावले आणि चारही भरले असता पाचवा कपडा अडकवण्याआधी एक धुवायला टाकायचा एवढाच नियम पाळला, तर खुर्ची बसण्यासाठी शिल्लक राहते. कागदांसाठी टेबलाच्या कोपऱ्यात एक उघडा खोका ठेवावा. आठवडाभर सगळे कागद त्यातच टाकावेत आणि रविवारी तो उपडा करून लागणारे फाइलमध्ये व उरलेले रद्दीत घालावेत. रोजच्या रोज कागद लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण तो पाळणारा विद्यार्थी आम्ही क्वचितच पाहिला आहे. कॉटखाली सुटी वस्तू एकही नको. झाकण असलेले, ओढून बाहेर काढता येतील असे दोन खोके तेथे असावेत, म्हणजे झाडू कॉटखालून आरपार फिरतो.

जागा नेमताना एक कसोटी लावून पाहा : ती वस्तू एका हाताने आणि दुसरे काहीही न हलवता जागच्या जागी ठेवता आली पाहिजे. तीन पुस्तके उचलून मगच चौथे ठेवता येत असेल, तर दमून आलेला माणूस ते कधीच ठेवणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. यासाठी कपाट काठोकाठ भरलेले चालत नाही. साधारण चौथा हिस्सा रिकामा हवा. गेल्या सत्रात ज्या वस्तूला हात लागला नाही ती घरी पाठवावी किंवा कोणाला तरी देऊन टाकावी.

हे एकदा बसले की रोज झोपण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात. ही सवय कधी अंगवळणी पडेल असे तुम्ही विचाराल, म्हणून सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात नवी कृती आपसूक घडू लागण्यास साधारणपणे ६६ दिवस लागले, परंतु व्यक्तीगणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासातील आम्हाला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. त्यामुळे मंगळवार चुकला म्हणून बुधवारही सोडून देण्याचे कारण नाही. रविवारच्या वाट्याला मग फक्त झाडणे, पुसणे आणि चादर बदलणे उरते. त्याला पाऊण तास पुष्कळ झाला.

प्रश्न : माझा भाऊ म्हणतो की प्रतिभावंतांची टेबले नेहमी अस्ताव्यस्तच असतात आणि हे शास्त्रानेही सिद्ध केले आहे. त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर : भाऊ अगदीच निराधार बोलत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील कॅथलीन व्होज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पसाऱ्याच्या खोलीत बसलेल्यांनी टेबल टेनिसच्या चेंडूचे अधिक कल्पक उपयोग सुचवले होते. मात्र त्याच प्रयोगमालेत नीटनेटक्या खोलीत बसलेल्यांनी दानासाठी अधिक पैसे दिले आणि खाण्यासाठी अधिक आरोग्यकारक पदार्थ निवडला. हा भाग तुमच्या भावाच्या कानावर गेलेला दिसत नाही. शिवाय ती माणसे त्या खोलीत थोडा वेळ बसली होती, सत्रभर राहत नव्हती. दुसऱ्या बाजूला, २०११ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की नजरेच्या टप्प्यात एकाच वेळी अनेक वस्तू असल्या की मेंदूच्या दृष्टिकेंद्रात त्यांची परस्परांशी स्पर्धा होते. म्हणून नव्या कल्पना सुचण्यासाठी पसारा कदाचित उपयोगी पडत असेल, पण पाठ करायचे असेल किंवा गणिते सोडवायची असतील तर टेबलावर समोरचे पुस्तक, वही आणि पाण्याची बाटली एवढेच असावे, असे आमचे मत आहे.

या वादात अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव हमखास निघते. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये सुटीवरून परतल्यावर त्यांना टेबलावर तशाच राहिलेल्या, जिवाणू वाढवलेल्या एका बशीत बुरशी आढळली आणि तिच्या भोवतालचे जिवाणू विरघळलेले दिसले. पेनिसिलिनचा शोध तेथून सुरू झाला. परंतु बुरशी तर कितीतरी जणांच्या टेबलावर येते. ती पाहून थबकण्याइतका जिवाणूंचा अभ्यास त्या माणसाने त्याआधी वर्षानुवर्षे केलेला होता, हे भावाला जरूर सांगा.

प्रश्न : खोली रोज झाडते, आठवड्यातून दोनदा पुसते, तरी दार उघडल्याबरोबर कुबट वास येतो. सुगंधी फवारे मारून पाहिले. तासाभराने दोन्ही वास एकत्र येतात. खिडकी लहान आहे आणि कपडे खोलीतच दोरीवर वाळत घालावे लागतात.

उत्तर : शेवटच्या वाक्यात तुम्ही स्वतःच उत्तर दिले आहे. खोलीतील वास बहुतेक वेळा केराचा नसतो, ओलाव्याचा असतो. धुलाई यंत्रातून पिळून निघालेल्या कपड्यांच्या एका खेपेतही साधारण दोन लिटर पाणी उरलेले असते, हाताने पिळलेल्या कपड्यांत त्याहून अधिक. आणि ते सारे पाणी तुमच्या खोलीच्या हवेत जाते. दार-खिडकी बंद असेल तर ते थंड भिंतीवर, कपाटाच्या मागच्या बाजूस आणि गादीत मुरते. फवारा यातील काहीच काढून टाकत नाही, त्यामुळे त्यावरचा खर्च आजच थांबवावा.

ओल्या कपड्यांच्या वासाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की या विशिष्ट वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. कपड्यात उरलेला घाम आणि त्वचेवरील स्निग्धांश यांवर तो जगतो, आणि कपडा वाळला तरी सहज मरत नाही. म्हणूनच वाळलेल्या कपड्याला वास नसतो, पण अंगात घातल्यावर थोडा घाम आला की तो पुन्हा येतो. अशा कपड्यांना नेहमीचे धुणे पुरत नाही. कापड सोसत असेल तर साठ अंशांच्या पाण्यात धुणे किंवा ऑक्सिजनयुक्त ब्लीचच्या कोमट पाण्यात तासभर भिजवून मग धुणे, हा त्यावरचा उपाय आहे. पुढे तो वास येऊ नये म्हणून धुतलेले कपडे बादलीत पडू देऊ नयेत, आणि ते लवकरात लवकर वाळतील असे पाहावे. दोरीवर दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर सोडावे, पंख्याचा झोत थेट कपड्यांवर घ्यावा आणि त्या वेळी खिडकी उघडी ठेवावी. सगळे कपडे एकाच दिवशी धुण्यापेक्षा दोन दिवसांत विभागून धुतल्यास एका वेळी हवेत जाणारे पाणी निम्मे होते. टॉवेल घडी करून ठेवण्याची किंवा कॉटच्या दांडीवर दुमडून टाकण्याची पद्धत मोडावी. तो पूर्ण पसरून वाळला पाहिजे.

वास येण्याची दुसरी जागा म्हणजे बूट. घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. पायांवरील जिवाणू घामातील ल्युसीन या घटकाचे विघटन करून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात, आणि बुटांचा जो वास सर्वांना परिचित आहे तो त्याचा असतो. एकच जोड रोज घातला तर तो आतून कधीच पुरता कोरडा होत नाही. दोन जोड आलटून पालटून घालावेत, आतले तळवे काढून वेगळे वाळवावेत, आणि मोजे दुसऱ्या दिवशी वापरू नयेत.

एवढे करूनही वास राहिला तर कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून मागे पाहा. भिंतीवर काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. डाग लहान असेल तर नाकातोंडावर मास्क लावून आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने तो पुसावा आणि जागा पूर्ण कोरडी करावी; कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने खरवडू नये, कारण त्यामुळे बुरशीचे बीजाणू हवेत पसरतात. डाग हातभराहून मोठा असेल किंवा पुसल्यावर त्याच जागी पुन्हा येत असेल, तर बहुधा भिंतीत किंवा नळात कोठेतरी गळती आहे. ती दुरुस्त करणे घरमालकाचे किंवा वसतिगृहाच्या व्यवस्थापनाचे काम आहे. त्यांना तोंडी न सांगता छायाचित्रासह लेखी कळवावे आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

प्रश्न : सकाळी उठल्याबरोबर सलग शिंका येतात, बाहेर पडल्यावर थांबतात. खोली तर वरवर स्वच्छ दिसते.

उत्तर : निदान डॉक्टरांनी करावयाचे आहे आणि त्रास टिकून असेल तर त्यांना अवश्य भेटावे. खोलीपुरते बोलायचे तर संशय गादी आणि उशीवर जातो. धुळीतील माइट हे जेमतेम पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटर लांबीचे जीव आपल्या त्वचेच्या गळून पडणाऱ्या कोंड्यावर जगतात. ते चावत नाहीत; ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांची. ते पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषून घेतात, त्यामुळे हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांना तग धरणे कठीण जाते. चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या पाण्यात धुतले तर माइट मरतात. थंड पाण्याने ॲलर्जीकारक द्रव्य बरेचसे निघून जाते, पण माइट पुष्कळ प्रमाणात उरतात. उठल्याबरोबर अंथरूण झाकून टाकू नये. पांघरूण बाजूला करून तासभर गादीला हवा लागू द्यावी आणि मग ते नीट करावे. उठताक्षणी पलंग नेटका करण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे रुचणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

झाडण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्यावे. कोरड्या फडक्याने झटकलेली धूळ बराच वेळ हवेत तरंगते आणि पुन्हा त्याच जागी बसते. काम वरून खाली करावे : आधी पंख्याची पाती, मग कपाटाचा माथा, खिडकीची चौकट, टेबल आणि सर्वांत शेवटी फरशी, आणि फरशी सोडून सगळीकडे ओलसर, घट्ट पिळलेले फडके वापरावे. पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून तो मागे ओढला की धूळ अभ्र्यातच राहते, अंथरुणावर पडत नाही. पंखा अर्थातच बंद असावा, आणि पाय ठेवायला चाकांची खुर्ची घेऊ नये.

प्रश्न : स्वच्छतागृह अधिक चांगले साफ व्हावे म्हणून दोन-तीन क्लीनर एकत्र करून वापरले तर चालते का?

उत्तर : मुळीच नाही. ब्लीचमध्ये आम्लयुक्त क्लीनर मिसळला तर क्लोरीन वायू निर्माण होतो आणि अमोनिया असलेला क्लीनर मिसळला तर क्लोरामाइन. बंद जागेत दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत. शौचालयाचे भांडे साफ करण्याच्या द्रवात बहुधा आम्लच असते, म्हणून ही चूक सहज घडते. एका वेळी एकच द्रव वापरावा, दार उघडे ठेवावे आणि दुसरा वापरण्यापूर्वी भरपूर पाणी ओतावे.

प्रश्न : सांगायलाही संकोच वाटतो, पण आमच्या खोलीत ढेकूण झाले आहेत आणि रात्री झुरळेही दिसतात. आम्ही इतके अस्वच्छ आहोत का?

उत्तर : दोन्हींचा विचार वेगवेगळा करावा. ढेकणांचा अस्वच्छतेशी थेट संबंध नाही. त्यांना माणसाचे रक्त लागते, आणि ते अत्यंत स्वच्छ खोलीतही मिळते. जुन्या गादीतून, कोणी वापरलेल्या खुर्चीतून किंवा प्रवासातील बॅगेतून ते येतात. पसाऱ्यामुळे त्यांना लपायला जागा मिळते, एवढाच काय तो आपला हातभार. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा असतो आणि रक्ताशिवाय कित्येक महिने जगू शकतो, त्यामुळे खोली सुटीत बंद ठेवली की ते मरतील ही आशा व्यर्थ आहे. गादीच्या शिवणी, कॉटचे सांधे आणि भिंतीच्या भेगा विजेरीने तपासाव्यात. काळपट ठिपके आणि टाकलेल्या काती ही त्यांची खूण. चादरी आणि कपडे पिशवीत बांधूनच धुण्याच्या जागी न्यावेत, साठ अंशांच्या पाण्यात धुवावेत, आणि शक्य असेल तर यंत्राच्या उष्ण हवेत अर्धा तास वाळवावेत. पन्नास अंशांच्या वरच्या तापमानात ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. मित्राच्या खोलीत झोपायला जाऊ नये, कारण त्यामुळे ढेकूणही तेथे पोहोचतात. लपवून तर मुळीच ठेवू नये. हे काम एका खोलीचे नसते. शेजारच्या खोल्या तपासल्याशिवाय ते संपत नाही, आणि कीटकनाशकाची फवारणी प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावी.

झुरळांच्या बाबतीत मात्र थोडी जबाबदारी आपल्याकडे येते. त्यांना अन्नापेक्षाही पाण्याची गरज अधिक असते. खरकटे ताट रात्रभर ठेवू नये हे सर्वांना ठाऊक असते, पण भांडे भिजत घातलेले पाणी, गळका नळ आणि ओले पोतेरे यांकडे दुर्लक्ष होते. खाण्याच्या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, कचऱ्याचा डबा रोज रिकामा करावा आणि झुरळांसाठी मिळणारी जेल भेगांमध्ये व सांध्यांमध्ये ठिपक्या-ठिपक्यांनी लावावी. जेल लावलेल्या जागी फवारा मारू नये. फवाऱ्याच्या वासाने झुरळे जेलकडे फिरकत नाहीत आणि दोन्ही उपाय वाया जातात.

प्रश्न : माझी रूममेट स्वभावाने फार चांगली आहे, पण तिचा अर्धा भाग पाहवत नाही. मीच सारखी आवरते आणि मग मनात चिडते. बोलले तर मैत्री बिघडेल अशी भीती वाटते.

उत्तर : न बोलताही मैत्री बिघडतेच आहे, फक्त तुमच्या रूममेटला ते ठाऊक नाही. तिच्या वस्तू आवरणे आजपासून थांबवावे. त्यात उपकाराइतकाच रागही असतो, आणि आपल्या वस्तू न विचारता हलवल्या गेल्या तर कोणालाही ते आवडत नाही.

स्वच्छतेची प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते हे मान्य करून किमान मर्यादा दोघींनी मिळून ठरवावी. आमच्या मते खोलीचे दोन भाग करून पाहणे बरे. जे फक्त डोळ्यांना खुपते, म्हणजे तिच्या कॉटवरचे कपडे किंवा तिच्या टेबलावरच्या वह्या, ते तिचे. जे वास, कीटक किंवा ओलावा आणते, म्हणजे खरकटे, कचरा, ओले टॉवेल, न्हाणीघर, ते दोघींचे. पहिल्या भागाबद्दल तुम्ही अवाक्षर काढू नये आणि दुसऱ्या भागाबद्दल सवलत देऊ नये. कामे वारांनुसार वाटण्यापेक्षा कामांनुसार वाटावीत. ‘सोमवार तुझा, मंगळवार माझा’ या पद्धतीत कालचे कोणी केले नाही यावर वाद होतात. त्याऐवजी कचरा आणि न्हाणीघर एकीकडे, झाडणे-पुसणे दुसरीकडे, आणि महिन्याने अदलाबदल. कोणाला कोणत्या कामाची शिसारी येते हे आधी विचारावे, कारण पुष्कळदा एकीला नकोसे वाटणारे काम दुसरीला काहीच वाटत नाही. हे बोलणे भांडणानंतर करू नये. दोघींना वेळ असलेली एखादी संध्याकाळ निवडावी, आणि सुरुवात तिच्या चुकांच्या यादीने न करता कचऱ्याच्या डब्यापासून करावी.

प्रश्न : परीक्षेच्या तीन आठवड्यांत आवरायला अजिबात वेळ नसतो. काय सोडले तर चालेल?

उत्तर : पुष्कळ काही. फरशी पुसणे, कपाट लावणे, खिडक्या, पुस्तकांची रचना हे सगळे तीन आठवडे थांबू शकते. थांबू शकत नाही ते ओले आणि खरकटे : ताट त्याच वेळी धुणे, कचरा रोज बाहेर नेणे आणि टॉवेल पसरणे. याखेरीज कॉटपासून दारापर्यंतची वाट मोकळी असावी, आणि कागद व कपडे विजेच्या एक्स्टेंशन बोर्डापासून दूर असावेत, कारण याच दिवसांत दिवा, लॅपटॉप, चार्जर आणि पाणी उकळण्याची किटली एकाच बोर्डावर लागतात. किटली बोर्डावर लावूच नये, ती भिंतीतल्या सॉकेटवर लावावी. प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि पेने यांच्यासाठी एक पाकीट करून ते बॅगेच्या एकाच कप्प्यात ठेवावे आणि परीक्षा संपेपर्यंत तेथून हलवू नये. बाकीचा पसारा शेवटचा पेपर देऊन, एक दिवस झोप काढून मग आवरला तरी चालेल.